पायगुण

वेस्ट इंडीजचा संघ आला होता आणि चिकपेटेत नागनाथच्या घरी रेडिओभोवती त्याच्या मित्रांचा नेहमीचा वाद पेटला होता.

"एक मॅच अनिर्णित राहिली तरी देवाला नारळ फोडीन," आप्पाजी म्हणाला.

"तू गप रे, घरभेद्या! या खेपेला आपणच जिंकतोय बघ," देवाप्पा तापला.

त्या दोघांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. नागनाथची बायको शालन कॉफी घेऊन बाहेर आली, की आपली विकेट पडलीच म्हणून समजायचं. "अक्का, स्वल्प, जरा आतच थांबा हो, तुमचा पायगुण नको!" असं ते ओरडायचे. नागनाथही हसत हातानं तिला मागे सारायचा, आणि ती बिचारी कॉफीचं तबक घेऊन उंबऱ्यावरूनच परत फिरायची.

शालन दसऱ्याच्या आधी वारली. त्यानंतर आज पहिल्यांदाच या घरात रेडिओ लागला होता.

तेवढ्यात आपली विकेट पडली. आप्पाजी आणि देवाप्पानं कपाळावर हात मारून घेतला.

नागनाथ मात्र चटकन वळला आणि आशेनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघत राहिला.