बाकीच्यांची वाक्यं

नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये नव्या नाटकाच्या निवडीसाठी निर्मलाने राणीचं वाक्य वाचलं, तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

"वहिनी, राज्य गेलंय तुमचं," दिग्दर्शक मिराशी म्हणाले. "तुम्ही रेडिओवरचे बाजारभाव सांगताय. अजून एकदा बघू, मग दुसऱ्या कुणाला तरी विचारतो."

(ती उभीच. दर नाटकाच्या वेळी घरी ती नवऱ्यासमोर बसून बाकी सगळ्यांची वाक्यं अशीच कोरडी वाचायची, म्हणजे त्याची रंगावीत. जिभेला तेच वळण पडलं होतं.)

समोर राजा म्हणून तिचा नवराच होता. आज राजाच्या भूमिकेसाठी बँकेतला एक देखणा तरुणही आला होता, त्यामुळे नवऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा पहाडी लागला होता.

(नवरा बायकोकडे बघतो. खुर्ची ओढून बसतो. चष्मा लावतो.)

"राणी, दरवाजे उघडा, आपण हरलो," त्याने सपाट आवाजात वाचलं. अगदी ती घरी वाचायची तसं.

तिने संहिता खाली ठेवली.

"दरवाजे मी उघडणार नाही," ती म्हणाली, आणि शेंगा सोलणाऱ्या त्या तरुणाचा हात थांबला.

मिराशींनी हातातल्या यादीवर खूण केली. "राणी मिळाली. राजा मात्र पार झोपला हो."

"झोपू दे," नवरा चष्मा खिशात ठेवत म्हणाला. "चल गं. जेवण झालं की पाठांतराला बसू. बाकीच्यांची वाक्यं मी वाचतो."