लांडग्यांचा वाटा

जनाक्काची मेंढरं आता गळ्यातल्या पट्ट्याच्या इशाऱ्यावर चरत. कुठल्या गवताला विसावा द्यायचा, हे कुरणखात्याचं यंत्र ठरवी आणि पट्ट्यातून मेंढरांना तसं वळवी. माळ हिरवा झाला होता, लांडगेही परतले होते. पण दर पंधरवड्याला एक मेंढी ओढ्यापलीकडे भरकटून लांडग्यांच्या तोंडी जाई.

“पट्टा बिघडत असेल, आक्का,” माळावर आलेले खात्याचे साहेब म्हणाले.

“मग दर वेळी म्हातारीचा नाहीतर लंगडीचाच कसा बिघडतो?”

साहेबांनी नजर चुकवली. “लांडगे जगले, तरच हरणं आवरतात आणि गवत टिकतं.”

“लांडग्याचा वाटा माझा आजाही सोडायचा. पण मेंढी तो स्वतः निवडायचा, अन् त्या दिवशी जेवायचा नाही.”

तेवढ्यात एक लंगडी मेंढी ओढ्याकडे वळली. जनाक्काने धावत जाऊन कातरीने तिचा पट्टा कापला आणि आणून साहेबांच्या हातात ठेवला.