दातवण

१९१९ साली गेवराईच्या केशरबाईला एकतीस दात होते, सगळे दातवण लावून काळेभोर केलेले. तेव्हा सवाष्णीचं रूप काळ्या दातांत मानायचे. पांढरे दात फक्त विधवेचे असत.

तिचा नवरा उत्तरेश्वर हैदराबादेत निजामाच्या कचेरीत कारकून होता. दिवाळीला घरी आला तेव्हा ती एकटी असताना हळूच म्हणाला, "शहरात आता बायका दात पांढरे ठेवतेत. तूबी घासून काढ, मंग तुला संगं नेतो."

केशरबाईनं चार महिने विटेच्या भुकटीनं दात घासले. हिरड्यांतून रक्त यायचं. सासू कडाडायची, "अगं, माझा लेक जित्ता हाय की!" केशरबाई नुसती हसायची.

चैत्रात उत्तरेश्वर परतला आणि थेट जातीच्या पंचांपुढे जाऊन बसला. "मी जित्ता असताना हिनं रंडकीचे दात केले. अशीला कावून नांदवू?"

"यांनीच सांगितलं व्हतं," केशरबाई म्हणाली.

"कोणी ऐकलं?" त्यानं विचारलं.

 

काडीमोड व्हायला अर्धी घटका पुरली.