बारावी होऊ दे

"सॉरी मॅडम, सतरा वर्षांपर्यंतच," क्रूझवरच्या टीन क्लबच्या दारातली मुलगी हसून म्हणाली. आत गाण्यांचा दणदणाट चालला होता. ऋजुता गेल्याच महिन्यात अठरा वर्षांची झाली होती.

या क्रूझसाठी ती नववीपासून आईच्या मागे लागली होती. "दहावी होऊ दे, मग जाऊ," मेघना म्हणायची. मग म्हणू लागली, "बारावी होऊ दे." आता लेकीने भरघोस टक्के मिळवले होते, आणि मेघनाला तिच्या नजरेला नजर देववेना.

"मी बोलून बघू का गं त्यांच्याशी?"

"राहू दे, आई."

धाकटा भाऊ दारातच घुटमळत होता. ऋजुताने त्याला हलकेच आत ढकललं.

"जा, नाचून घे. पुढच्या वर्षी तुझी दहावी आहे."