रेटा

"पिचरच्या हातातून चेंडू सुटायच्या आत बेस सोडलास तर आऊट, आणि सुटल्यावर रेंगाळलीस तरी आऊटच!" जळकोटच्या शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉलच्या सरावात रणधीर सर तिसऱ्यांदा ओरडले. "पाय बेसवर दाबून ठेव आणि रेटा देऊन सूट."

महेश्वरीची नजर पक्की होती. चेंडू सुटलेला तिला सगळ्यांच्या आधी कळायचा. पण पाय मात्र ती बेसच्या कडेला नुसता टेकवायची आणि तिथंच अर्धं पाऊल मागं पडायची. तालुक्याचा सामना परवावर आला होता, आणि सरांनी आज तिच्या जागी दुसरी पोरगी पळवून बघितली.

माहेरी आलेली अक्का कडेवर लेकरू घेऊन कुंपणापाशी उभी होती. "पाय दाबून का ठेवीना झालीस गं?" तिनं विचारलं.

"अक्का, वह्याला पाय कसा लावू?"

बेस म्हणजे घरून आणलेलं पोतं. भुसा भरला की ते दोन दिवसांत चपटं व्हायचं, म्हणून सोमवारी अक्कानंच, लग्नापायी शाळा सुटल्यापासून माळ्यावर पडलेल्या आपल्या जुन्या वह्या त्यात ठासून भरल्या होत्या. तेव्हापासून महेश्वरी पळायच्या आधी पोत्याला हात लावून नमस्कार करायची.

अक्का आत आली. लेकरू खाली ठेवून ती वाकली आणि सगळ्यांदेखत धाकट्या बहिणीचा पाय धरून तिनं पोत्याच्या मधोमध ठेवला.

"आठवीच्या पुढची एक बी वही न्हाय त्यात," ती म्हणाली. "दे रेटा, आन् पळ."