चुलीच्या लाकडांचं स्टूल

स्टूल करून झालं होतं, पण ते डुगडुगत होतं. म्हातारा सुतार त्याचा एक पाय आपल्या पायाखाली दाबून करवत चालवत होता.

सकाळी त्याच्या बायकोला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं, त्यात हृदय अशक्त. भूल झेपेल की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. मुलगा दवाखान्यात थांबला. याला मात्र त्यानं हात जोडून घरी पाठवलं, कारण हा सारखा नर्सच्या पायात येत होता. घरी तरी जिवाला थारा कुठे? अंगणात दहा फेऱ्या मारून शेवटी त्यानं सरपणाच्या ढिगात हात घातला.

कुऱ्हाडीला न जुमानणारी गाठाळ लाकडं, चुलीत न मावणारी वाकडी, कुणाच्या तरी कपाटातून उरलेली फळकुटं. चाळीस वर्षं गावाला खुर्च्या करून दिल्या आणि घरची बाई चुलीपुढे जमिनीवरच बसली, हे त्याच्या आज लक्षात आलं. फार लाज वाटली त्याला.

तीन पायांचं केलं असतं तर प्रश्नच नव्हता, तीन पाय कुठेही टेकतात. पण तिच्यासाठी करायचं तर चार पायांचंच! एक पाय लांब निघाला, तो कापला. मग दुसरा लांब वाटला, तोही कापला. असं अंदाजानं कापायचं नसतं, आधी सपाट फळीवर ठेवून चारी पायांना रेघ मारायची, हे त्यानंच दहा जणांना शिकवलेलं. पण रेघ मारायला हात स्थिर लागतो.

सून चहा घेऊन आली. "बाबा, हे स्टूल आहे की पाट?"

"फरशीला उतार आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"फोन चालू आहे ना तुझा?"

"पाचव्यांदा विचारताय, बाबा."

त्यानं पुन्हा करवत लावली. चहावर साय धरली. स्टूल आता जेमतेम वीतभर उरलं होतं.

फोन वाजला तो अर्ध्या कापात, पण ऐकायच्या भीतीनं तो करवत चालवतच राहिला. सुनेनं घेतला, ऐकलं, आणि डोळे पुसत तो त्याच्या कानाला लावला. "आई शुद्धीवर आल्यात. तुम्हालाच विचारतायत."

"अहो," आवाज कोरडा, खोल गेलेला. "अहो, आहात ना?"

"आहे."

 करवतीच्या दांड्यावरची त्याची मूठ सुटली.

"करवत कसली वाजत होती आत्ता?"

"काही नाही. सरपण तोडत होतो."

"सरपण? करवतीनं?"

त्यानं ते वीतभर स्टूल पायानं मागे सरकवलं. 

"बरं," ती म्हणाली. "लांब लांब चार बाजूला ठेवा. मला आता खाली बसता यायचं नाही."