थेट दवाखान्यात

"थांबू नकोस, शकूर! दाब!" डॉक्टर ओरडले.

शकूर कंपाउंडर थांबला नव्हताच. खाटेवर पालथ्या घातलेल्या माणसाची पाठ तो दाबत होता, सोडत होता. नागाच्या विषानं त्या माणसाचा श्वास बंद पडला होता. लस टोचून झाली होती. ती लागू पडेपर्यंत त्याचा श्वास शकूरच्या हातांनीच चालवायचा होता.

खालापूरच्या दवाखान्यात साप चावलेल्यांसाठी ही वेगळी खोली सेहेचाळीस साली उघडली. तिला दोन वर्षं झाली, पण माणसं यायची ती उशिरा, आधी कुंभिवलीच्या पोशा भगताकडे विष उतरवून घेऊन. शकूरची बहीण तय्यबाही तशीच आली. शकूर कामावर होता, शेजाऱ्यांनी तिला परस्पर भगताकडे नेलं. इथं पोचली तेव्हा अंग गार पडलं होतं. भगताचं तोंड शकूरनं कधी पाहिलं नव्हतं, पण नुसतं नाव ऐकलं तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आणि हा पठ्ठ्या? चावल्यापासून अर्ध्या तासात दारात हजर! बायको पारूनं सडकेवरची लॉरी अडवून त्याला आणलं होतं. शकूरला नुसता हुरूप चढला होता. हा जगलाच पाहिजे. मग बघू, भगताकडे कोण जातं ते!

दहा वाजले, अकरा वाजले. दंड भरून आले. डॉक्टर हात बदलायला आले तरी शकूर हटेना. बाराच्या सुमारास हाताखालची पाठ आपसूक वर आली.

"डॉक्टरसाहेब! घेतला! यानं श्वास घेतला!"

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि शकूरला मिठीच मारली. दिवस कलता त्या माणसानं डोळे उघडले, पाणी मागितलं. पारू रडत शकूरच्या पाया पडायला वाकली.

"नको गं बाय," शकूर म्हणाला. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. "खरी हुशार तू. समदी आधी पोशाकडं पळतात. तू थेट इथं कशी आलीस?"

"मी कुटली हुशार! यांनीच सांगितलं. म्हनले, मंतरानं काय बी व्हत नाय, येळ घालवू नको, दवाखान्यात ने."

"वा! तुझ्या मालकाचं नाव तरी काय? गावोगाव सांगतो."

नवऱ्याचं नाव पारू कशी घेणार? तिनं पदर तोंडाला लावला.

खाटेवरूनच क्षीण आवाज आला, "पोशा भगत म्हनतात मला."